आळस नाही हो, उधारी सुटली

फुकट पैसे मिळाले की लोक आळशी होतात म्हणता, पण आमच्या जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा गावाकडे या अन् बघा. शेजारच्या वहिनीला २०२४ च्या राखीच्या तोंडावर सरकारच्या लाडकी बहीण योजनेचे पहिल्या दोन महिन्यांचे ३००० एकदम आले, तिनं आधी किराणावाल्याची वही मिटवली, मग पोरीला चष्मा करून आणला, वर्षभर त्या लेकराला फळ्यावरचं दिसतच नव्हतं हो! कापूस वेचायला ती आजपण सकाळीच निघते, फक्त आता मुकादमाकडून उचल घ्यावी लागत नाही म्हणून किलोचा भाव ठरवताना तोंड उघडता येतं, आणि हे मला महिन्याच्या १५०० पेक्षा मोठं वाटतं. फक्त हप्त्याची तारीख पक्की पाहिजे, महिना पुढे ढकलला की वही परत सुरू होते.