ॲसिड रेन आणि तळ्यातले मासे
ॲसिड रेन म्हणजे आम्लाचा पाऊस पडला की तळ्यातले मासे ॲसिडने भाजून मरतात असं काहींना वाटतं, तर तसं थेट नाही होत. साधा पाऊसही हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे ५.६ पीएचचा (पीएच म्हणजे आम्लपणाचं माप, ७ च्या जितकं खाली तितकं आम्ल जास्त), म्हणजे जरासा आम्लच असतो, त्यात कोळशातलं सल्फर आणि गाड्यांच्या धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मिसळले की तो ४-४.५ वर येतो आणि हेच पाणी मातीतलं ॲल्युमिनियम सुटं करून तळ्यात आणतं, ते माशांच्या कल्ल्यांवर बसतं, चिकट थर साचतो न बिचारे पाण्यात राहून गुदमरतात. बाकी धूर लांब जावा म्हणून कारखान्यांची उंच धुराडी बांधून प्रश्न मिटला म्हणणाऱ्यांची कमालच आहे, ब्रिटनमधलं सल्फर वाऱ्याबरोबर जाऊन नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांत उतरलं! चुनखडीच्या जमिनीवरची तळी मात्र बरीच तग धरतात, चुना आम्ल मारतो. ग्रॅनाइटच्या खडकावरच्या तळ्यांची खरी वाट लागते.