आत्याचं तेल आणि गेटबाहेरचा माका

(आमच्या बडोद्याच्या फॅमिली ग्रुपवर, रविवारी सकाळी)

बेबीआत्या: फोटो बघा रे. आमच्या गेटबाहेर फुटपाथच्या फटीत माका उगवलाय, चांगला हातभर पसरलाय. दोन किलो खोबरेल आणून ठेवलंय, आज तेल कढवते. कोणाकोणाला हवंय?

नाना: मला नको. मागच्या तेलाने उशीची खोळ काळी झाली. केस होते तसेच पांढरे.

वैशाली: आत्या, मला एक बाटली. पण हा माकाच ने? फूल केवढं उंच दिसतंय.

बेबीआत्या: अगं, माळ्याला विचारलं. भांगरो छे म्हणाला. भांगरो म्हणजे माकाच.

मंदार: आत्या, थांब. गॅस बंद कर आधी. फुलाचा जवळून एक फोटो टाक.

बेबीआत्या: गॅस लावलाच नाहीये अजून. टाकते.

मंदार: हा माका नाही. ही एकदांडी. बघ, वीतभर दांडा सरळ वर गेलाय आणि टोकाला एकच फूल, म्हणून एकदांडी. मध्ये पिवळं बटण, कडेला पाचेक फिकट पाकळ्या आणि प्रत्येक पाकळीच्या टोकाला तीन दाते. फोटो मोठा करून मोज. माक्याचं फूल नखाएवढं, पांढुरकं, कडेच्या पाकळ्या दोऱ्यासारख्या बारीक, आणि ते आखूड देठावर पानाच्या बेचक्यातून येतं. शिवाय माक्याला ओल लागते. गटाराकाठी, शेताच्या पाटाला शोध. तुझ्या गेटबाहेरच्या तापलेल्या फटीत तो कशाला मरायला येईल?

बेबीआत्या: पानं तर तशीच खरखरीत आहेत.

मंदार: दोघांचीही असतात. पाला चुरगाळून बघ. माका असेल तर रस काळा पडतो, बोटंही काळी होतात.

वैशाली: बोटांचा फोटो टाक आत्या!

बेबीआत्या: दहा मिनिटं झाली. हिरवीच आहेत. पण मग माळी भांगरो का म्हणाला? चाळीस वर्षं बागकाम करतो तो.

मंदार: नक्की काय म्हणाला? पूर्ण सांग.

बेबीआत्या: परदेशी भांगरो का काहीतरी. मला वाटलं, परदेशात पाठवतात.

नाना: धन्य.

मंदार: माळी बरोबरच बोलला. गुजरातीत याचं नावच परदेशी भांगरो. दिसायला भांगऱ्यासारखा, पण बाहेरून आलेला. मूळ मेक्सिको, मध्य अमेरिकेकडचा. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये शास्त्रीय नाव ठेवलं ट्रायडॅक्स प्रोकम्बेन्स. प्रोकम्बेन्स म्हणजे जमिनीवर लोळणारा. मराठीत आपण एकदांडी, दगडी पाला म्हणतो, जसा काही आजोळचाच.

चिन्मय (न्यू जर्सी): आमच्याकडे हे केंद्र सरकारच्या घातक तणांच्या यादीत आहे. आत्या, तेल पाठवलंस तरी बी पाठवू नकोस.

नाना: दगडी पाला म्हणजे हाच होय! पोलो ग्राउंडवर गुडघा फुटला की हाच चोळून बांधायचो. रक्त थांबायचं. आई विचारायची सुद्धा नाही.

वैशाली: नाना, आता ते करू नका. फुटपाथवरचा पाला, त्यावर रोज कोण कोण पाय वर करून जातं ते मी बघते. नळाखाली धुवा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या.

नाना: मी कुठे आता पडतोय.

बेबीआत्या: मग उपटून टाकू का सगळं?

मंदार: टाकायचं तर बी धरायच्या आत. फूल वाळलं की करडा पिसांचा गोळा होतो. रुईच्या म्हातारीसारखी प्रत्येक बीला पिसं. एक वारा आला की समोरच्या सोसायटीत. फटीफटीतून उगवतं ते असंच.

वैशाली: चार रोपं ठेव ने आत्या. सकाळी त्याच्यावर छोटी फुलपाखरं येतात, पिंटू शाळेच्या रिक्षाची वाट बघताना तेच बघत बसतो. नाहीतर मोबाईल मागतो.

बेबीआत्या: ठेवते. पण दोन किलो खोबरेलाचं काय करू?

मंदार: खंडेराव मार्केटला पालेवालीकडे विचार, माका देईल आणून. पण घरी आल्यावर चुरगाळून बघ.

बेबीआत्या: तोवर जास्वंदीचं करते. नाना, तुझीही बाटली भरतेय. उशीला जुनी खोळ घाल.