मदत हवी: वडोदऱ्यातल्या मांजलपूरच्या जुन्या फ्लॅटची खरी किंमत मालकांना कशी पटवायची?

मांजलपूर_लिस्टिंग: २ बीएचके, तिसरा मजला, लिफ्ट नाही, इमारत साधारण २५ वर्षांची. दस्तावेजात सुपर बिल्ट-अप (सामायिक जागेच्या वाट्यासकट) १,१५० चौ. फूट. मालक काका-काकू मुलाकडे पुण्याला जाणार आहेत. पलीकडच्या नव्या स्कीममध्ये तेवढ्याच फुटांना मिळतात म्हणून त्यांना ५२ लाख हवेत. माझा अंदाज ४७. फोन येतात, पण बघायला कोणी येत नाही. आकडा कसा काढू, आणि काकांना न दुखवता कसा सांगू?

रावपुरा_दस्त: आधी टेप घेऊन कार्पेट (भिंतींच्या आतली वापरायची जागा) मोजा. जुन्या सोसायट्यांत लोडिंग (जिने, पॅसेज अशा सामायिक जागेचा धरलेला वाटा) कमी असतं, त्यामुळे १,१५० सुपरमध्ये नव्या स्कीमपेक्षा आतली जागा जास्त निघते. ही काकांच्या बाजूची गोष्ट आहे, तीच पहिल्यांदा सांगा.

मग त्याच सोसायटीतले आणि आजूबाजूचे गेल्या सहा महिन्यांतले तीन-चार सौदे घ्या. पोर्टलवरचे भाव धरू नका, ती फक्त विकणाऱ्याची मागणी असते. गुजरात सरकारच्या गरवी पोर्टलवरून इंडेक्स-२ (नोंदलेल्या दस्ताचा उतारा) काढा. पण त्यावरही डोळे मिटून विसंबू नका, कारण पुष्कळ दस्त जंत्रीच्या (सरकारी दराच्या) आसपासच्या रकमेचे होतात. खरा आकडा तो सौदा करणाऱ्या दलालाला विचारून ताडून घ्या. सगळं कार्पेटच्या भावात आणा, नंतर लिफ्ट, पार्किंग आणि मजल्याची वजावट करा.

अकोटा_होमलोन: काकांसमोर घेणाऱ्याचा हिशोब मांडा, भाव आपोआप कळतो. समजा, बँकेच्या व्हॅल्युअरने ४६ लाख धरले. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला मर्यादा ८० टक्के, म्हणजे जास्तीत जास्त ३६.८० लाख. ५२ ला घ्यायचं तर उरलेले १५.२० लाख आणि त्यावर ४.९ टक्के स्टॅम्प व १ टक्का नोंदणी फी, म्हणजे आणखी ३.०७ लाख. हातातले सव्वाअठरा लाख लागतात. ४७ ला तेच तेरा लाखांच्या आत बसतं.

भाव ५ लाखांनी वाढला की रोख सव्वापाच लाखांनी वाढते, कारण वरच्या रकमेवर बँक एक रुपया देत नाही. २ बीएचके घेणारं नोकरदार जोडपं नेमकं इथेच अडतं. (एकट्या बाईच्या नावावर दस्त झाला तर नोंदणी फी माफ आहे, हेही त्यांना सांगा.)

मांजलपूर_लिस्टिंग: काका म्हणतात, "आधी ५२ लावा, नाही गेला तर कमी करू."

रावपुरा_दस्त: हे मुळीच मानू नका. शोधणारे "५० लाखांपर्यंत" असा फिल्टर लावतात, त्यांना तुमचा फ्लॅट दिसणारच नाही. आणि फ्लॅट तीन महिने पडून राहिला की "काहीतरी भानगड असेल" म्हणून लोक ४५ पासून बोलायला लागतात.

४८.५० लावा, ४७ ला सोडायची तयारी ठेवा. २१ दिवसांनी भाव पुन्हा पाहायचा, असं आधीच लिहून घ्या. फोन आहेत पण व्हिजिट नाही, तर भाव किंवा फोटो चुकलेत. व्हिजिट आहेत पण ऑफर नाही, तर आतली अवस्था भावाला शोभत नाही. तीन ऑफर एकाच आकड्याभोवती आल्या, तर बाजारभाव तोच. मात्र पितृपक्ष आणि कमुरत्याचे (संक्रांतीआधीच्या अशुभ महिन्याचे) दिवस या २१ दिवसांत धरू नका, तेव्हा बानाखत (विक्रीचा करार) करायला कोणी पुढे येत नाही.

अकोटा_होमलोन: लिस्टिंगआधी बीयू परमिशन (इमारत वापराचा परवाना), मेन्टेनन्सची थकबाकी नसल्याचं सोसायटीचं पत्र आणि जुन्या दस्तांची साखळी एका फाइलमध्ये लावा. ऑगस्ट २०२४ च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, तेही विचारून ठेवा, घेणारे हमखास विचारतात. कागद अपुरे निघाले की बँक फाइल अडवून ठेवते, आणि तेवढ्यात घेणारा दुसरं घर बघून मोकळा होतो.