मदत हवी आहे: टीबी, शुगर, बीपी एकाच पेशंटला असेल तर सराव कसा घ्यायचा?

नमस्कार मंडळी. मी पारोळा तालुक्यात एका उपकेंद्रावर सीएचओ (समुदाय आरोग्य अधिकारी) आहे, मूळची बीएस्सी नर्सिंगवाली. नव्या सीएचओंचा एक दिवसाचा सराव घ्यायचं काम माझ्याकडे आलंय, म्हणून विचारते.

आमच्या सीएचओच्या सहा महिन्यांच्या कोर्सला लॉगबुक होतं. बीपी घेणं, ग्लुकोमीटर लावणं, थुंकीचा नमुना घेणं, प्रत्येकापुढे वेगळी सही. त्याने हात बसतो, हे खरंच. पण ओपीडीत माणूस असा तुकड्यातुकड्यांनी येत नाही.

एक केस सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). साठीतले बाबा, शुगर-बीपी जुनंच. टीबीची औषधं सुरू झाली आणि आटोक्यातली शुगर चढायला लागली. सगळे म्हणाले, पथ्य मोडलं असणार. पण रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधामुळे ग्लिमेपिराइड या शुगरच्या गोळीचा असर कमी होतो, अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीचाही. त्यात पायाला मुंग्या. त्या शुगरच्या की आयसोनियाझिड या टीबीच्याच दुसऱ्या औषधाच्या? अशा मुंग्या टाळायला देतात ती बी-६ जीवनसत्त्वाची गोळी चालू आहे का, हे कोणी बघायचं? टीबीची नोंद निक्षय या सरकारी पोर्टलवर, शुगर-बीपीची दुसऱ्याच पोर्टलवर. बायको कापूस वेचायला गेली की गोळ्या द्यायला घरी कोणी नाही. बाबा मलाच विचारतात, “बहीन, इतल्या गोया कोन खाई?”

डोस बदलणं माझ्या हातात नाही. पण हे सगळं एकत्र जुळवून ई-संजीवनीवर (सरकारी ऑनलाइन सल्लासेवा) डॉक्टरांपुढे दोन मिनिटांत मांडणं माझंच काम आहे, आणि लॉगबुकात नेमकी त्यालाच सहीची जागा नव्हती.

एमबीबीएसला २०१९ च्या बॅचपासून कॉम्पिटन्सीवर, म्हणजे प्रत्यक्ष काम करता येण्यावर, आधारलेला अभ्यासक्रम आहे. डॉक्टरने टीममध्ये काम करावं, नीट संवाद साधावा, हे त्यात लिहिलेलं आहे. नर्सिंगचा अभ्यासक्रमही २०२१ मध्ये बदलला. तर नर्सिंग कॉलेजातल्या ताई-दादांनो, तुमच्याकडे ऑस्की (वेगवेगळ्या स्टेशनांवर होणारी प्रात्यक्षिक परीक्षा) घेताना अशी गुंतागुंतीची केस एकाच स्टेशनवर ठेवता की तोडून? पेशंटला काय विचारलं, कधी रेफर केलं, डॉक्टरांना काय सांगितलं, याला मार्क कसे देता? एखादी वापरलेली चेकलिस्ट असेल तर फोटो टाका. पीपीटी नकोत, त्या ढीगभर आहेत.

सरावासाठी पेशंटची सोय झालीये. पीएचसीतले (प्राथमिक आरोग्य केंद्रातले) शिपाईभाऊ त्या बाबांची भूमिका करायला तयार आहेत, फक्त अहिराणीतच बोलणार म्हणतात.