एल्टन जॉन यांनी वॉटफर्डला पैसा दिला की वेळ?

गोलरक्षक (धागालेखक)

एखादा लोकप्रिय संगीतकार अडचणीत सापडलेल्या स्थानिक फुटबॉल क्लबच्या मदतीला धावला की सगळी चर्चा त्याने किती पैसे ओतले याभोवतीच फिरत राहते. इंग्लंडमधील वॉटफर्ड क्लब आणि एल्टन जॉन यांच्या नात्याचा इतिहास पाहिला तर ही चर्चाच चुकीच्या जागी सुरू होते, असे मला ठामपणे वाटते.

वॉटफर्ड हे लंडनच्या वायव्येला, हर्टफर्डशायरमध्ये वसलेले शहर. एल्टन जॉन जवळच्याच पिनर या उपनगरात लहानाचे मोठे झाले आणि वडिलांबरोबर व्हिकरेज रोड मैदानावर सामने पाहत. मे १९७४ मध्ये त्यांनी त्याच मैदानावर क्लबसाठी निधी उभा करणारी मैफल केली आणि १९७६ मध्ये ते क्लबचे अध्यक्ष झाले. त्या वेळी क्लब चौथ्या, म्हणजे इंग्लिश लीगच्या सर्वांत खालच्या श्रेणीत होता.

माझ्या मते खरा निर्णायक क्षण १९७७ चा आहे. संघ निवडणाऱ्या आणि घडवणाऱ्या व्यवस्थापकाच्या पदासाठी एल्टन यांच्या मनात बॉबी मूर यांचे नाव होते. १९६६ चा विश्वचषक उंचावणारा कर्णधार चौथ्या श्रेणीतल्या क्लबकडे आला असता, तर वर्तमानपत्रांचे रकाने भरून वाहिले असते. परंतु त्यांनी इंग्लंड संघाचे तेव्हाचे व्यवस्थापक डॉन रेव्ही यांचा सल्ला घेतला, रेव्हींनी लिंकन सिटीच्या ग्रॅहम टेलर यांचे नाव सुचवले आणि एल्टन यांनी ते मानले. टेलर तेव्हा अवघे ३२ वर्षांचे होते. स्वतः प्रसिद्धीच्या शिखरावर असलेल्या माणसाने दुसरे प्रसिद्ध नाव बाजूला ठेवून काम जाणणारा माणूस निवडला, आणि त्याला दहा वर्षे काम करू दिले.

पुढचा आलेख सर्वपरिचित आहे, तरी तो मांडायलाच हवा. १९७८ मध्ये चौथ्या श्रेणीचे विजेतेपद, १९७९ मध्ये तिसऱ्या श्रेणीतून बढती, १९८२ मध्ये थेट पहिली श्रेणी, आणि तिथल्या पहिल्याच हंगामात लिव्हरपूलच्या पाठोपाठ दुसरे स्थान. १९८३-८४ मध्ये क्लब यूएफा चषक या युरोपीय क्लबांच्या स्पर्धेत खेळला आणि त्याच हंगामात एफए चषकाच्या अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर उतरला, जिथे एव्हर्टनने त्यांना २-० असे हरवले. या संघाचा कणा विकत घेतलेल्या ताऱ्यांचा नव्हता. ल्यूथर ब्लिसेट क्लबच्याच तालमीत तयार झाला होता. जॉन बार्न्स १९८१ मध्ये सडबरी कोर्ट या हौशी क्लबकडून आला, आणि त्याच्या बदल्यात त्या क्लबला खेळाच्या गणवेशांचा एक संच दिला गेला, असे आजही सांगितले जाते.

पैसा लागलाच, हे मी नाकारत नाही. पण पैसा ओतणारे अध्यक्ष इंग्लंडमध्ये तेव्हाही पुष्कळ होते. अध्यक्षाने आपल्या मर्यादा ओळखून जाणकाराच्या हाती सूत्रे दिली आणि मग धीर धरला, हे मात्र विरळा. आपली मते वाचायला आवडतील.

ताळेबंद

धागालेखकांनी गोष्ट १९८४ मध्ये थांबवली आहे. ती तिथे थांबवली की सुंदर दिसते, हे खरे. पण एखाद्या संस्थेला मिळालेल्या आधाराचे मोल तो आधार निघून जाताना ठरते.

१९८७ मध्ये टेलर ॲस्टन व्हिलाला गेले. त्यांच्या जागी याच अध्यक्षांनी डेव्ह बॅसेट यांना आणले आणि काही महिन्यांतच, जानेवारी १९८८ मध्ये, बॅसेट पायउतार झाले. त्या हंगामाअखेर क्लब पहिल्या श्रेणीतून खाली घसरला. दरम्यान १९८७ च्या अखेरीस एल्टन यांनी क्लब प्रकाशन-उद्योजक रॉबर्ट मॅक्सवेल यांच्या कंपनीला विकण्याचे ठरवले होते. मॅक्सवेल तेव्हा डर्बी काउंटीचे अध्यक्ष होते. एकाच माणसाच्या प्रभावाखाली अनेक क्लब जाऊ नयेत म्हणून फुटबॉल लीगने हरकत घेतली आणि तो व्यवहार फिसकटला. म्हणजे वॉटफर्डच्या प्रेक्षकांचा क्लब कोणाच्या हाती जाणार, हे त्या प्रेक्षकांनी ठरवले नाही आणि त्यांच्या लाडक्या अध्यक्षांनीही ते त्यांना ठरवू दिले नाही. लीगच्या नियमामुळे क्लब वाचला. अखेर १९९० मध्ये तो जॅक पेची यांना विकला गेला आणि १९९६ मध्ये तर तिसऱ्या क्रमांकाच्या श्रेणीत जाऊन पडला.

दुसरा मुद्दा मदतीच्या स्वरूपाचा. १९८६ मध्ये मैदानाच्या पश्चिमेला जो मोठा स्टँड उभा राहिला, त्यासाठी एल्टन यांनी कर्ज दिले होते. कर्ज आणि देणगी यांत फरक आहे. कर्ज देणारा अध्यक्ष हा क्लबचा धनको असतो, आणि धनको बाहेर पडायचे ठरवतो तेव्हा क्लबच्या पायाखालची जमीन सरकते. एल्टन यांच्या मनातल्या प्रेमाबद्दल मला तिळमात्र शंका नाही. पण क्लबची आर्थिक घडी कोणाच्या प्रेमावर बसवू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

कूपरेज

ताळेबंद यांच्या पहिल्या मुद्द्याला मी आणखी एक पुरावा जोडतो, तोही धागालेखकांच्या मुख्य प्रतिपादनाच्या विरोधात जाणारा. टेलर निवृत्त झाल्यावर, २००१ च्या उन्हाळ्यात, वॉटफर्डने जियानलुका वियाली यांना व्यवस्थापक नेमले. अध्यक्ष एल्टन जॉनच होते. वियाली हे मोठे नाव, युव्हेंटस आणि चेल्सी गाजवलेले. खेळाडूंच्या वेतनाचा खर्च वाढला, संघ दुसऱ्या श्रेणीतच घुटमळत राहिला, आणि २००२ मध्ये आयटीव्ही डिजिटल ही वाहिनी बुडाल्यावर प्रक्षेपणाच्या उत्पन्नावर अवलंबून असलेले क्लब एकामागून एक संकटात आले, त्यांत वॉटफर्डही होता. वियाली एका हंगामानंतर गेले.

म्हणजे १९७७ मध्ये मूर यांच्याऐवजी टेलर यांना निवडण्याचा जो विवेक तुम्ही एल्टन यांचा स्थायी गुण म्हणून मांडता, तो स्थायी नव्हता. एकदा योग्य सल्लागार भेटला. दुसऱ्या वेळी तसा कोणी भेटला नाही, किंवा भेटूनही त्याचे ऐकले गेले नाही.

सफोककर

मी गेली काही वर्षे इप्सविचमध्ये राहतो, म्हणून आजच्या काळातले उदाहरण मांडतो. इप्सविच टाउन २०१९ मध्ये तिसऱ्या श्रेणीत घसरला; १९५७ नंतर प्रथमच क्लबवर ही वेळ आली होती. सफोकमधल्याच फ्रॅमलिंगहॅम गावात वाढलेले गायक एड शीरन यांनी २०२१ मध्ये पुरुष आणि महिला अशा दोन्ही संघांच्या जर्सीचे प्रायोजकत्व घेतले. त्यांच्या अल्बमांची ओळख बनलेली गणिती चिन्हे जर्सीवर झळकली. २०२३ आणि २०२४ अशा लागोपाठ दोन बढत्या मिळवून क्लब प्रीमियर लीगमध्ये पोहोचला, आणि त्यानंतर शीरन यांनी १.४ टक्के हिस्सा विकत घेतला.

इथे बाहेरच्या लोकांचा हमखास गैरसमज होतो. क्लब शीरन यांच्या पैशावर वर आलेला नाही. २०२१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकी गुंतवणूकदारांनी क्लब घेतला, ज्यांच्या मागे ॲरिझोनातील सार्वजनिक कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीचे भांडवल आहे. आणि मैदानावरची कामगिरी किअरन मॅकेना या तरुण प्रशिक्षकाची आहे. शीरन यांनी काय दिले, तर क्लब सर्वांत खालावलेल्या अवस्थेत असताना आपले नाव त्याच्या छातीवर लावले. शाळेतली मुले आर्सेनल किंवा लिव्हरपूलची जर्सी सोडून गावाची जर्सी मागू लागली. कोणतीही जाहिरात कंपनी हे करू शकली नसती.

म्हणून मला शीरन यांचे प्रारूप एल्टन यांच्यापेक्षा अधिक सुरक्षित वाटते. क्लबची मालकी, कर्ज आणि कलावंताचे प्रेम या तीन गोष्टी तिथे एकाच माणसाच्या हाती नाहीत. २०२५ मध्ये क्लब पुन्हा खाली गेला, तरी शीरन यांच्या बाहेर पडण्याने तो बुडेल अशी भीती कोणाच्या मनात नव्हती.

ताळेबंद

सफोककर यांच्याशी अर्धा सहमत. मालकी, कर्ज आणि प्रेम वेगळे ठेवायला हवेत, हे मान्य. पण निवृत्तिवेतन निधीच्या परताव्याच्या अपेक्षेवर चालणारा क्लब स्थानिक कसा म्हणायचा, हा प्रश्न उरतोच. मग शीरन यांची जर्सी हा त्या गुंतवणुकीवर चढवलेला गावपणाचा मुलामा ठरतो.

खरा पर्याय तिसरा आहे आणि तो कलावंतावर अवलंबून नाही. एक्झीटर सिटी २००३ मध्ये लीगबाहेर फेकला गेला, तेव्हा समर्थकांच्या न्यासाने त्याची सूत्रे हाती घेतली आणि २००८ मध्ये तो लीगमध्ये परतला. विम्बल्डनचा क्लब मिल्टन कीन्स या दुसऱ्याच शहरात हलवण्यास २००२ मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा समर्थकांनी एएफसी विम्बल्डन हा नवा क्लब अगदी तळापासून उभा केला आणि ९ वर्षांत फुटबॉल लीगमध्ये नेला. तिथे कोणी कोणाचा उपकारकर्ता नव्हता.

मडगावचा मैदानी

गोव्याचा माणूस म्हणून या वादात मी ताळेबंद यांच्या बाजूला उभा आहे. आमच्याकडे धेंपो, साळगावकर हे क्लब उद्योजक घराण्यांनी पोसले, आणि प्रेमाने पोसले. धेंपोने राष्ट्रीय विजेतेपद ५ वेळा गोव्यात आणले. पण २०१६ मध्ये देशातील लीगची रचना बदलण्याच्या भारतीय फुटबॉल महासंघाच्या योजनेचा निषेध म्हणून हे क्लब राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. निषेधाचे कारण मला पटले होते, आजही पटते. तरीही निर्णय मालकांच्या बैठकीत झाला. पावसात भिजत सामने पाहणाऱ्या माणसाला कोणी विचारले नाही. महिंद्रा युनायटेड तर त्याआधीच, २०१० मध्ये, मुंबईत बंद झाला होता. पुण्याच्या एफसी पुणे सिटीचे सहमालक आधी हृतिक रोशन आणि नंतर अर्जुन कपूर होते, तरी २०१९ मध्ये तो क्लब गुंडाळला गेला. नाव कितीही मोठे असो, कागदावर समर्थकांचा हक्क नसेल तर निष्ठेला किंमत मिळत नाही.

गोलरक्षक (धागालेखक)

सर्वांचे आभार. कूपरेज यांनी मांडलेला वियाली यांचा दाखला वजनदार आहे आणि मी त्याला बगल देणार नाही. पण त्यातून माझाच मुद्दा बळकट होतो. त्या वेळीही पैसा होता, किंबहुना अधिक होता. नव्हते ते टेलर यांच्यासारखा माणूस हेरणे आणि त्याला अवधी देणे. एकाच अध्यक्षाच्या कारकिर्दीत दोन्ही प्रकार घडले, म्हणून तर पैशाचा प्रभाव आणि निवडीचा प्रभाव वेगळे करून पाहता येतात.

ताळेबंद यांच्या न्यासाच्या उदाहरणाविषयी मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. एक्झीटरच्या न्यासाने अपार कष्ट घेतले, यात वाद नाही. परंतु त्यांच्या डोक्यावरचे कर्ज फिटण्याला मोठा हातभार लागला तो जानेवारी २००५ मध्ये एफए चषकाच्या सोडतीत मँचेस्टर युनायटेडशी गाठ पडल्यामुळे. ओल्ड ट्रॅफर्डवर सामना गोलशून्य बरोबरीत सुटला, म्हणून पुन्हा खेळवावा लागला, आणि दोन्ही सामन्यांच्या उत्पन्नाने क्लब तरला. वॉटफर्ड एका माणसाच्या मर्जीवर टिकला असे आपण म्हणता; तसे पाहिले तर एक्झीटर सोडतीतल्या एका चिठ्ठीवर टिकला.

आणि ज्या गोष्टीचा या धाग्यात कोणीच उल्लेख केला नाही, ती माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी आहे. एल्टन यांनी आपल्या लैंगिकतेबद्दल एका मुलाखतीत उघडपणे सांगितले ते १९७६ मध्ये, म्हणजे अध्यक्ष झाले त्याच वर्षी. त्यानंतर प्रतिस्पर्धी संघांच्या मैदानांवर हजारो प्रेक्षक त्यांच्यावर अत्यंत हीन गाणी म्हणत. तो काळ आठवा: इंग्लंडच्या फुटबॉल मैदानांवर हाणामाऱ्या नित्याच्या झाल्या होत्या. जगातल्या कोणत्याही शहरात सन्मानाने बसू शकणारा हा माणूस तळाच्या श्रेणीतल्या लहानशा मैदानांवर ते सगळे ऐकत आपल्या जागेवर बसून राहिला, वर्षानुवर्षे. त्याच काळात त्यांच्या स्वतःच्या मैदानावर कुटुंबांसाठी वेगळी जागा केली गेली, आणि खेळाडूंनी शहरातल्या लोकांत मिसळून काम केलेच पाहिजे असा आग्रह टेलर यांनी धरला. हा आधार कोणत्या ताळेबंदात लिहायचा?

बाहेर पडण्याबद्दल म्हणाल, तर १९९७ मध्ये ते परत आले, टेलर यांच्याकडे पुन्हा संघाची धुरा आली, आणि १९९८ व १९९९ अशा सलग दोन बढत्यांनी क्लब प्रीमियर लीगमध्ये गेला. २००२ मध्ये अध्यक्षपद सोडल्यावरही २००५ मध्ये त्यांनी व्हिकरेज रोडवर मैफल करून क्लबला दहा लाख पौंडांहून अधिक निधी मिळवून दिला. तेव्हा ते क्लबचे कार्यकारी पदाधिकारी नव्हते.

ताळेबंद

मैदानांवरच्या छळाविषयी आपण लिहिले ते वाचून मला एल्टन यांच्याबद्दल अधिक आदर वाटला, हे प्रांजळपणे सांगतो. तो मुद्दा मी विचारात घेतला नव्हता.

२००५ च्या मैफलीचा अर्थ मात्र मी उलटा लावतो. अध्यक्षपद सोडून ३ वर्षे झाल्यावरही क्लबला निधीसाठी त्याच माणसाकडे जावे लागले. १९७४ मध्येही मैफल आणि २००५ मध्येही मैफलच. मधल्या ३१ वर्षांत क्लब पहिल्या श्रेणीत खेळला, युरोपात खेळला, बार्न्स ९ लाख पौंडांना लिव्हरपूलला गेला, ब्लिसेट मिलानला गेला, तरी वाईट दिवसांसाठी गंगाजळी राहिली नाही. १९८६ च्या स्टँडसाठी दिलेल्या कर्जाचा काही भाग भागभांडवलात बदलून तो समर्थकांच्या न्यासाच्या नावे केला असता, तर १९८७ मध्ये मॅक्सवेल यांच्याशी बोलणी सुरू होताना त्या खोलीत प्रेक्षकांचा एक प्रतिनिधी बसला असता. टेलर यांची निवड हा एल्टन यांचा सर्वोत्तम निर्णय होता, हे मी आता मान्य करतो. त्या खोलीतली रिकामी खुर्ची ही त्यांची सर्वांत मोठी उणीव होती, या मतावर मी ठाम आहे.