पिस्तुलाचं मॅगझिन काढलं, स्लाइड (वरचा सरकता भाग) ओढली, तरी चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या कप्प्यात) राऊंड (काडतूस) तसाच!

निशाण२२: शीर्षकात सगळं आलं. बऱ्याचदा स्लाइड ओढली, काही बाहेर पडत नाही. समोर मातीचा बांध आहे. ट्रिगर ओढून मोकळं करून टाकू का? लवकर सांगा.

दस्तापकड: थांबा. बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, नळी बांधाकडेच. पिस्तूल कोणतं? जिवंत राऊंड आहे की उडालेल्या राऊंडचं रिकामं केस (टरफल)? आधी ट्रिगर ओढला आणि बार उडालाच नाही, असं झालंय का? तसं असेल तर निदान ३० सेकंद नळी समोर धरून थांबायचं असतं, बार उशिरा पेटू शकतो.

फौलादी: एवढं काय? क्लीनिंग रॉड पुढून घालून ठोका, पडेल बाहेर.

दस्तापकड: अहो, जिवंत राऊंडवर रॉड कधीच नाही! रॉड घालायचा तर हात नळीच्या तोंडापुढे जाणार. अडकलेल्या रिकाम्या केसला चालतो, तोही स्लाइड मागे लॉक करून.

निशाण२२: पॉइंट टू टू (.२२) कॅलिबरचं सेमी ऑटो. ट्रिगर ओढलेला नाही, राऊंड जिवंतच आहे. स्लाइड मागे लॉक केली की बूड दिसतंय.

कृष्णविवर: मी म्हणतो गंजासाठी नळीत हलका तेलाचा हात हवाच. जास्त तेल घातलं तर मात्र…

रेंजताई: तेलाचं नंतर. निशाण, हे एक्स्ट्रॅक्टरचं, म्हणजे राऊंड बाहेर ओढणाऱ्या हुकाचं, दुखणं दिसतंय. पॉइंट टू टूच्या गोळीवरचं मेण, शिसं आणि काजळी हुकाखाली साचते, मग हुक राऊंडच्या बुडाचा काठ पकडत नाही. किंवा हुकाचं टोकच तुटलंय. स्लाइड मागेच लॉक राहू द्या. फायरिंग पिन (राऊंडवर आपटून बार पेटवणारी) घाणीने पुढे अडकली असेल तर स्लाइड आपटताच बार उडेल. आणि स्क्रूड्रायव्हरने काठ उचकटू नका. पॉइंट टू टू म्हणजे रिमफायर, त्यात पेट घेणारा मसाला त्या काठातच असतो. नळी बांधाकडे ठेवून रेंज ऑफिसरला बोलवा, राऊंड आर्मरर (हत्यारं दुरुस्त करणारा) काढेल.

फौलादी: म्हणूनच रिकामं केल्यावर एकदा ट्रिगर ओढून खात्री करावी.

रेंजताई: नाही पटत. ती खात्री डोळ्यांनी आणि बोटाने करायची. मॅगझिन आधी, स्लाइड नंतर. उलटं केलं की ओढताना एक राऊंड बाहेर पडतो, सोडताना मॅगझिनमधला दुसरा आत जातो. मग मॅगझिन काढून माणूस निर्धास्त, आणि 'खात्रीचा' ट्रिगर म्हणजे सरळ बार. स्लाइड लॉक करा, चेंबरात बघा, चेंबरच्या तोंडावर करंगळी फिरवा. शिवाय बऱ्याच पॉइंट टू टूमध्ये रिकामा ट्रिगर ओढला की पिन चेंबरच्या कडेवर आपटून खड्डा पडतो.

फौलादी: काही पिस्तुलं खोलायलाच ट्रिगर ओढावा लागतो. ग्लॉक बघा.

रेंजताई: बरोबर, म्हणून तिथे चेंबर दोनदा तपासायचा. सफाईच्या टेबलावर एकही राऊंड नको.

निशाण२२: आर्मररने काढला. हुकाचं टोक तुटलंय. नवीन हुक घरी बसवता येईल?

दस्तापकड: मॉडेल अजून सांगितलं नाहीत! बहुतेकांत हुकामागे बारीक स्प्रिंग आणि प्लंजर (तिने ढकललेली छोटी दांडी) असतो, सुटताच उडतो. पारदर्शक पिशवीत हात घालून काढा, चष्मा लावा. स्प्रिंगही नवीनच टाका. बसवल्यावर पहिली चाचणी दहा स्नॅप कॅपने (दारू नसलेले नकली राऊंड): दहाही बाहेर फेकले गेले तरच खरे राऊंड भरा.