पात्रता कॅल्क्युलेटरने चुकून ‘अपात्र’ ठरवलेल्या माणसाचे म्हणणे आपल्यापर्यंत कसे पोहोचावे?

प्रश्न (स्वयंसेवक, घाटंजी तालुका, यवतमाळ)

नमस्कार. आम्ही काही तरुणांनी मिळून शासकीय योजनांसाठी एक साधे ऑनलाइन पात्रता कॅल्क्युलेटर तयार केले आहे. वय, कुटुंबाचे उत्पन्न, शेतजमीन, वैवाहिक स्थिती अशी माहिती भरली की संजय गांधी निराधार, श्रावणबाळ, लाडकी बहीण, ठिबकचे अनुदान यांपैकी कशासाठी अर्ज करता येईल, हे ते सांगते. शेवटी पाचपैकी तारे देण्याची सोय आहे आणि बहुतेकांनी चार किंवा पाच तारे दिले, म्हणून आम्ही समाधानी होतो.

मागच्या आठवड्यात मात्र मी एका ताईंच्या शेजारी बसून त्यांना ते भरताना पाहिले. नवऱ्याने सोडून नऊ वर्षे झाली, त्या मजुरी करून मुलाला शिकवतात. ‘विवाहित, अविवाहित, विधवा’ या तीन पर्यायांवर त्यांचे बोट बराच वेळ थांबले, मग त्यांनी ‘विवाहित’ निवडले. पुढच्याच प्रश्नात पतीचे उत्पन्न विचारले होते. अंदाजाने आकडा भरला आणि पडद्यावर ‘आपण अपात्र आहात’ असे आले. “बरं हाय, भाऊ,” एवढे म्हणून त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि त्या उठल्या. वास्तविक परित्यक्ता, म्हणजे नवऱ्याने सोडलेल्या, महिलांचा समावेश संजय गांधी योजनेत आहे; आमच्या यादीत तो पर्यायच नव्हता. त्यांना तारे विचारले असते, तर त्यांनी पाचही दिले असते, याची मला खात्री आहे.

मी त्यांच्या घरी जाऊन चूक सांगितली. पण आम्ही शेजारी नसताना असे किती जण उठून गेले असतील? अभिप्राय नेमका कोणाकडून, कुठे आणि कोणत्या शब्दांत मागावा?

उत्तर १ (सेवा केंद्र चालक, दारव्हा)

दादा, तुम्ही योग्य ठिकाणी बोट ठेवले आहे. ज्याला चुकून ‘पात्र’ सांगितले जाते, तो अर्ज फेटाळला गेला की माझ्या केंद्रावर येऊन जाब विचारतो, त्यामुळे ती चूक लगेच उघडी पडते. ज्याला चुकून ‘अपात्र’ सांगितले जाते, तो आपल्या नशिबात नव्हते असे समजून वावरात निघून जातो आणि परत कधीच येत नाही. म्हणून ‘अपात्र’ या उत्तराच्या खालीच “यातले काय तुमच्या घराला लागू पडत नाही?” असे विचारा आणि बोलून उत्तर देण्याची सोय ठेवा, कारण टंकलेखन करणारे फार थोडे असतात.

माझ्या पाहण्यातल्या दोन चुका सांगतो. पहिली, उत्पन्न ‘दरमहा’ विचारणे. आपल्याकडे सोयाबीनचे पैसे दिवाळीच्या आसपास आणि कापसाचा चुकारा त्यानंतर येतो. डिसेंबरमध्ये भरायला बसलेला कास्तकार हातात आलेले साठ हजार लिहितो, यंत्र त्याला बाराने गुणते आणि सव्वा एकराच्या मालकाचे उत्पन्न सात लाखांच्या वर जाते. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा व्हायची असते, हे कोणी विचारतच नाही. तेव्हा हंगामाप्रमाणे, वर्षाचा हिशोब विचारा.

दुसरी, जमिनीची. सातबारावर हेक्टर आणि आर असते, बोलण्यात एकर. तीन एकरवाला रकान्यात ‘३’ लिहितो, ते तीन हेक्टर धरले जाते. प्रत्यक्षात त्याची जमीन १ हेक्टर २१ आरच्या आसपास असते, म्हणजे दोन हेक्टरच्या मर्यादेत तो अल्पभूधारक ठरतो आणि ठिबकसाठी त्याला अनुदानाचा वाढीव दर मिळायला हवा. एकर की हेक्टर, हे आधी निवडू द्या आणि भरलेला आकडा दोन्ही मापांत समोर दाखवा.

उत्तर २ (सॉफ्टवेअर चाचणीचे काम, मूळ गाव चिमूर तालुक्यात)

वरील उत्तराशी पूर्ण सहमत आहे. शेवटच्या पानावर पोहोचलेल्यांचेच मत घेतले, तर मधल्या प्रश्नावर अडलेल्यांचे म्हणणे कधीच कळत नाही. कोणत्या प्रश्नावर लोक थांबतात, मागे जाऊन उत्तर बदलतात किंवा पान बंद करतात, एवढी नोंद प्रश्नवार ठेवा. त्यासाठी आधार क्रमांक, मोबाईल क्रमांक किंवा नाव यांपैकी काहीही घेऊ नका. जी माहिती आपल्याकडे नाही, ती आपल्या हातून फुटणार नाही.

प्रत्येक सापडलेली चूक एक कायमचे उदाहरण म्हणून जपून ठेवा. त्या ताईंची परिस्थिती, नाव वगळून, पहिले उदाहरण. पुढे कोणताही नियम बदलला की सगळी उदाहरणे पुन्हा चालवून पाहायची. लाडकी बहीण योजनेच्या जून २०२४ च्या मूळ निर्णयात कमाल वय ६० आणि पाच एकर शेतीची अट होती. जुलैमध्ये वय ६५ झाले आणि शेतीची अट वगळली गेली. म्हणून प्रत्येक उत्तराखाली नियमाची तारीख दिसली पाहिजे.

उत्तर ३ (निवृत्त महसूल कर्मचारी, वाशीम जिल्हा)

माझी एक विनंती आहे. ‘अपात्र’ हा शब्दच काढून टाका. पात्रता ठरवण्याचा अधिकार तहसील पातळीवरचा आहे, यंत्राचा नाही. “आपण भरलेले वार्षिक उत्पन्न संजय गांधी योजनेच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेपेक्षा अधिक आहे” असे कारण स्पष्ट लिहिले, तर माणूस स्वतःच म्हणेल की आकडा चुकला. कारण दिसले की लोक आपणहून दुरुस्ती सांगतात, हा माझा नोकरीतला अनुभव आहे.

वयाच्या बाबतीतही सांभाळा. कित्येक वृद्धांच्या आधारवर १ जानेवारी ही जन्मतारीख अंदाजाने टाकलेली असते. पासष्टीच्या आत निराधार आणि पासष्टीनंतर श्रावणबाळ योजना, त्यामुळे उंबरठ्यावरच्या माणसाचा प्रश्न तिथेच अडतो. आणि ज्यांनी प्रत्यक्ष अर्ज केले, त्यांना तीन-चार महिन्यांनी विचारा की निकाल काय लागला. अर्ज नामंजूर झाला असेल तर लेखी कारण मागायला सांगा. तुमच्या उत्तराची खरी तपासणी त्या कागदावरूनच होईल.

प्रश्नकर्ता

काका, भाऊ, आपणा सर्वांचे मनापासून आभार. ‘परित्यक्ता’ आणि ‘घटस्फोटित’ हे पर्याय आजच जोडले असून पतीच्या उत्पन्नाचा प्रश्न त्यांच्यासाठी काढला आहे. ‘अपात्र’ शब्द काढून कारण दाखवण्याचे काम सुरू केले. तारे काढून टाकतो. येत्या बुधवारी आठवडी बाजारात आम्ही दोघे जण बसणार आहोत; भरणाऱ्याच्या शेजारी बसायचे, मध्ये बोलायचे नाही आणि बोट कुठे थांबते तेवढे वहीत लिहायचे, असे ठरले आहे. त्या ताईंचा अर्ज काल दाखल झाला.